सासऱ्यांच्या विहिरीचं दान

देव रिकामा झाला म्हणजे नेमकं काय झालं, हा प्रश्न मला पडायचं काही कारण नव्हतं. मी मांडवा जेट्टीवर तिकिटाच्या खिडकीत बसतो. माझ्या डोक्यावर फळा आहे, फळ्यावर बोटींच्या वेळा आहेत, आणि त्या फळ्याखाली उभं राहून माणसं मला विचारतात, "पुढची बोट किती वाजता?" दिवसभर हे ऐकून घरी येणाऱ्या माणसाला देवाच्या रिकामेपणाबद्दल फारशी उत्सुकता उरत नाही. पण गेल्या वर्षी आमच्या चर्चमध्ये नवीन फादर आले. वयानं माझ्या लेकीएवढे, नुकतेच शिकून बाहेर पडलेले, आणि शिकलेलं सगळं आमच्यावर ओतायची घाई झालेले. त्यांनी जाहीर केलं, ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळात दर शुक्रवारी क्रुसाच्या वाटेची प्रार्थना झाली की कोणी घरी पळायचं नाही. थोडा वेळ बसायचं आणि सगळ्यांनी मिळून एकाच वाक्यावर विचार करायचा.

वाक्य संत पौलाच्या पत्रातलं होतं. ख्रिस्त देवाच्या बरोबरीचा होता, पण ती बरोबरी त्यानं धरून ठेवली नाही. त्यानं स्वतःला रिकामं केलं आणि दासाचं रूप घेतलं, असा त्याचा अर्थ. लहानपणापासून मी हे ऐकत आलोय. ऐकत आलोय म्हणजे ते वाचलं जात असताना मी बाकावर बसलेलो असतो.

आमच्याकडे ख्रिस्ती घरं मोजकी, शुक्रवारी येणारी माणसं त्याहून मोजकी. फादर फळ्यावर वरून खाली एक लांब बाण काढायचे आणि विचारायचे, या बाणाच्या वरच्या टोकाशी काय राहिलं? काय सोडून तो खाली आला? पहिल्या शुक्रवारी सगळे गप्प. दुसऱ्या शुक्रवारी मासळी विकणाऱ्या एका मावशीनं हात वर केला.

"फादर, तो सगला रिकामा होऊन खाली आला. मंग तवर वरचं कोन बघत व्हतं?"

आम्ही हसलो. फादर हसले नाहीत, त्यांचा चेहरा उजळला. याच प्रश्नावर मोठमोठ्या पंडितांनी आयुष्यं घातली म्हणाले, आणि पुढचे दोन शुक्रवार त्यांनी त्यातच घातले. कोणी म्हणतं, त्यानं फक्त वैभव उतरवून ठेवलं, देवपण नाही. कोणी म्हणतं, सगळं जाणण्याची शक्तीसुद्धा उतरवून ठेवली, म्हणून तर तो पोरासारखा शिकला, दमला, लोकांना विचारत राहिला. आणि कोणी म्हणतं, त्यानं काहीच उतरवलं नाही, उलट घेतलं. चाकराचं जिणं अंगावर घेतलं, हेच त्याचं रिकामं होणं.

हे शेवटचं मला अजिबात पटलं नाही. रिकामं होणं म्हणजे घेणं? मग भरणं कशाला म्हणायचं? मी बाणाचं वरचं टोक तेवढं मनात धरून घरी आलो. धरून ठेवायचं नाही, सोडायचं, देऊन टाकायचं. हे तर मी वर्षानुवर्षं करतोय, असं मला वाटलं. फादरांनी फळ्यावर बाण काढायच्या ऐवजी मला उभं केलं असतं तरी चाललं असतं.

खरंच करत होतो. जेट्टीवर सणासुदीची ड्यूटी कोणाला नको असली की ती माझी. चर्चच्या सणाला मांडव घालायला मी, सगळे जेवून पांगले की उतरवायलाही मीच. घरी करपलेली भाकरी माझी. माशाचं कालवण झालं की शेपटीचा तुकडा माझ्या ताटात.

"अहो, मधला घ्या की," बायको म्हणायची. "उरणार आहे."

"नको, मला शेपटीच आवडते."

"तुम्हाला शेपटी आवडत नाही. तुमच्या ताटातली शेपटी बघून आमच्या घशाखाली मधला तुकडा उतरू नये, हे तुम्हाला आवडतं."

मी गप्प बसायचो. गप्प बसणं हाही माझा त्यागच होता.

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी मी सहसा सांगत नाही. मी घरजावई आहे. माझे वडील पनवेलला भाड्याच्या खोलीत राहिले आणि तिथेच गेले. बायको एकुलती एक. लग्नानंतर सासऱ्यांनी म्हटलं, इथेच राहा, एवढी वाडी कोण बघणार? राहिलो. घर त्यांचं, नारळ-पोफळीची वाडी त्यांची, वाडीतली विहीर त्यांची. ते गेल्यावर सगळं बायकोच्या नावावर झालं, आणि ते बरोबरच होतं. पण माझे केस पिकले, लेकीचं लग्न झालं, तरी गावाच्या तोंडी मी जावयबापूच. मी पायरीवर बसलेला असताना कोणी फाटक उघडून आत येतो आणि मलाच विचारतो, "घरात कोणी आहे का?"

विहीर घराच्या मागे आहे आणि समुद्र विहिरीच्या मागे हाकेच्या अंतरावर. आमच्या किनाऱ्यावर जमिनीखाली खारं पाणी असतं आणि त्याच्यावर पावसाचं गोडं पाणी सायीसारखं तरंगत असतं. साय बेताबेतानं काढली तर पुरते. पंप लावून खेचली की खालचं खारं वर चढतं आणि विहीर मचूळ होते. हे इथल्या पोराटोरांना ठाऊक आहे, मलाही ठाऊक होतं. सासऱ्यांचा नियमच होता: होळी पेटली की पंप बंद. पाऊस येईपर्यंत पोहऱ्यानं पाणी काढायचं, सकाळी थोडं, संध्याकाळी थोडं, मधे विहिरीला दम खाऊ द्यायचा. सासरे गेल्यावर बायकोनं तो नियम तसाच चालवला.

मागच्या मोठ्या वादळात वाडीतल्या जुन्या पोफळी एका दिवसात आडव्या झाल्या होत्या. त्या जागी बायकोनं रोपं लावली आणि पोरांसारखी वाढवली. त्या वर्षी त्यातली काही पहिल्यांदा सुपारी धरतील अशी तिला आशा होती. शेजारीपाजारी खोल्या बांधून पर्यटक ठेवत असताना ही बाई आळी खणत बसलेली असायची. रोपं जगली की वाडी राहिली, नाहीतर आपल्यालाही खोल्याच बांधाव्या लागणार, असं ती म्हणायची.

आणि नेमकं तेव्हा लेकीचं बाळंतपण आलं. डॉक्टर पनवेलचा, म्हणून लेक इकडे यायच्या ऐवजी बायको तिकडे निघाली. ईस्टरच्या आधीचा झावळ्यांचा रविवार उलटून गेला होता. मी तिला एसटीवर सोडायला गेलो.

"पंपाला हात लावायचा नाही," ती खिडकीतून म्हणाली.

"हो गं."

"हो गं नको. ऐकलंत का?"

"ऐकलं."

"रोपांना एक दिवसाआड. पोहऱ्यानं."

"अगं, ऐकलं म्हटलं ना."

एसटी सुटली. गुड फ्रायडे झाला, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी शेजारी आला. त्याची वाडी आमच्या दगडी गडग्याला लागून, म्हणजे वाडी होती. आता तिथे रंगवलेल्या खोल्या आहेत आणि खोल्यांपुढे पोहायचा निळा टँक. माणूस चांगला आहे, हे मी चिडून असतानाही लिहून ठेवतो.

"जावयबापू, जरा अडचन हाय. टँक धुतलाय आनि उद्यापासून पावने. आमची विहीर खाली गेलीय. दोन दिवस तुमच्याकडून पाइप टाकू काय?"

"दोन दिवस कशाला? मे संपेपर्यंत घ्या."

तो दचकलाच. मागायला आलेल्या माणसाला मागितल्याच्या कितीतरी पट मिळालं की तो खूश होतो असा माझा समज होता. तो होत नाही, तो घाबरतो.

"न्हाय न्हाय, येवढं नको. आनि वहिनींना विचारलंत काय?"

"त्यात विचारायचं काय? पाणी देवाचं."

"पानी देवाचं व्हय, पन विहीर वहिनींची," असं म्हणून तो हसला.

तो सहज बोलून गेला होता. माझं मात्र डोकं फिरलं. मी त्याच पावली आत गेलो आणि पंपाचं बटण दाबलं.

गडग्यावरून काळा पाइप पलीकडे गेला. दोन दिवसांनी शेजारी म्हणाला, बास. मी म्हटलं, राहू दे. तो म्हणाला, टँक भरला. मी म्हटलं, मग झाडांना सोडा, खोल्या धुवा, संकोच करू नका. त्याला नको म्हणता येईना आणि मला थांबता येईना. चर्चमध्ये कसं कोण जाणे, कळलं. कसं कोण जाणे म्हणजे मीच ईस्टरच्या मांडवाखाली चहा पिताना दोघांना सहज बोललो होतो. पुढच्या रविवारी फादर वेदीवरून म्हणाले, आपल्यातलं एक कुटुंब दुसऱ्या धर्माच्या शेजाऱ्याला ऐन उन्हाळ्यात स्वतःच्या विहिरीचं पाणी देतंय, स्वतःला रिकामं करणं म्हणतात ते हेच, मी नाव घेत नाही. नाव न घेतल्यामुळे मागच्या बाकावरच्या बहिऱ्या म्हाताऱ्यालाही कळलं. सगळ्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मी मान खाली घातली. किती खाली घातली की लोकांना ती दिसेल, याचा मला बरोबर अंदाज होता.

मग माझा चहा फाटायला लागला.

पहिल्या दिवशी वाटलं, भांडं खराब असेल. दुसऱ्या दिवशी दूधवाल्याला फैलावर घेतलं. कालचं दूध घालतोस, पाणी घालतोस, लाज वाटत नाही? त्यानं मुकाट्यानं किटलीच्या झाकणात दूध ओतलं आणि माझ्यासमोर घटाघटा प्यायला. "बघा. मी जिता हाय अजून." मी म्हटलं, उद्यापासून येऊ नकोस. पिशवीचं दूध आणलं, तेही फाटलं. दुकानदाराशी भांडलो. डाळ शिजेना, डाळीवरून भांडलो. अंगाला साबण लागेना तेव्हा साबणाला शिव्या घातल्या. एवढ्या सगळ्यांशी भांडून झाल्यावर एका सकाळी मी चूळ भरली आणि तसाच गाल फुगवून उभा राहिलो. पाणी तोंडात धरून मला कळलं, आणि ते थुंकायलासुद्धा मला धीर होईना.

पंप बंद केला. शेजाऱ्याचा पाइप गुंडाळून गडग्यावर ठेवला. त्यानं का म्हणून विचारलं, मी म्हटलं, सहज. पिण्यासाठी बाहेरून पाण्याचे जार आणून माठ भरून ठेवला. बायको फोनवर विचारायची, विहीर कशी आहे? मी सांगायचो, आहे. खोटं बोललो नाही, विहीर होतीच. रोपांना तेच मचूळ पाणी घालत राहिलो, दुसरं आणायचं कुठून? पानांची टोकं करपायला लागली, तेव्हा मी कात्री घेतली आणि करपलेली टोकं कापून टाकली. वाडीत कात्री घेऊन फिरणारा माझ्यासारखा दुसरा माणूस या किनाऱ्यावर झाला नसेल.

बायको आली ती नातवाचे फोटो दाखवतच आली. माठातलं पाणी प्यायली. मग वाडीत गेली.

"अहो, पानांना कात्री कोणी लावली?"

ती एका रोपापाशी वाकली, मग दुसऱ्या. मग विहिरीवर गेली, पोहरा सोडला, ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकलं. मग ती विहिरीच्या कठड्यावर बसली. मी जवळ जाऊन सगळं सांगितलं. म्हणजे शेजाऱ्याची अडचण सांगितली, उन्हाळा सांगितला, फादर वेदीवरून काय म्हणाले तेही सांगितलं. तिनं मला पूर्ण बोलू दिलं. तेच जास्त वाईट होतं.

"त्या शुक्रवारी मीही तुमच्या शेजारीच बसले होते," ती म्हणाली. "फादर म्हणाले, त्यानं स्वतःला रिकामं केलं. आपल्या आईच्या, मारियेच्या माठातलं पाणी गावभर वाटत सुटला, असं नाही म्हणाले."

"अगं, पण—"

"तुमचा पगार होता. तुमची मोटरसायकल होती. ती द्यायची होती शेजाऱ्याला."

"तो मागत नव्हता मोटरसायकल."

"तो मे महिनाभर पाणी तरी कुठे मागत होता?" ती उठली. "आणि दासाचं रूप घेतलं म्हणाले. दास कसा असतो? कोणी काही सांगतं आणि तो ऐकतो. मी एकच गोष्ट सांगून गेले होते."

यावर मला राग आला. चूक माझी असताना मला जेवढा राग येतो तेवढा एरवी कधी येत नाही. मी म्हटलं, टँकर मागवतो. ती म्हणाली, टँकर या बोळातून वाडीत येत नाही, आणि आला तरी तुम्ही पुन्हा दाते व्हाल. शेजाऱ्याची विहीर अजून गोडी आहे. होणारच गोडी, तुम्ही तिला आराम दिलात. पाऊस येईपर्यंत रोपांना त्याच्याकडचं पाणी मिळालं तर काही वाचतील. जा आणि मागा.

"मी?"

"मग कोण?"

मी शेजाऱ्याकडे गेलो नाही, फादरांकडे गेलो. पापांगीकाराला गुडघे टेकले आणि म्हटलं, माझ्याकडून अभिमानाचं पाप घडलं. त्यांनी विचारलं, आणखी काही? मी म्हटलं, नाही. त्यांनी क्षमा दिली, म्हणायला प्रार्थना दिल्या. बाहेर आलो तो आधीपेक्षा जास्त चिडलेला. अभिमान! आमच्यात हा शब्द फार सोयीचा आहे. त्याच्यामागे पूर्ण माणूस लपतो. वर्षानुवर्षं मी त्याच्यामागे लपून गुडघे टेकत आलोय.

जे सांगायला हवं होतं आणि सांगितलं नाही, ते इथे लिहितो. पंप चालू असायचा तेव्हा संध्याकाळी मी विहिरीच्या कठड्यावर जाऊन बसायचो. पाणी खाली खाली जायचं. सासऱ्यांनी बांधून घेतलेले चिरे एकेक करून उघडे पडायचे, शेवाळानं हिरवे, कधी ऊन न पाहिलेले. ते बघून मला बरं वाटायचं. ज्या विहिरीमुळे मी इतकी वर्षं या घरात पाहुणा होतो, ती माझ्या एका बोटानं रिकामी होत होती. लोक त्याला दान म्हणत होते आणि मी सूड घेत होतो. मला नियम माहीत नव्हता असं नाही, मी विसरलो असंही नाही. बायको हे वाचेल. वाचू दे.

दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याच्या फाटकापर्यंत गेलो. तो समोर आला, आणि मी त्याच्याकडे शिडी मागितली. शिडी खांद्यावर घेऊन घरी आलो.

"शिडी?" बायको म्हणाली.

"लागेल."

"कुठे चढायचंय तुम्हाला?"

रात्रभर ती शिडी भिंतीला टेकून उभी होती आणि तिच्याकडे बघून मला कसंतरी होत होतं. एवढं काय कठीण होतं? जेट्टीवर रोज शेकडो माणसं माझ्याकडे तिकीट मागतात, कोणाचं काही कमी होत नाही. पण त्या शिडीआधी मी आयुष्यात कोणाकडे काही मागितलं नव्हतं. मागायची वेळ आली की मी काहीतरी देऊन मोकळा व्हायचो.

संध्याकाळी शिडी परत न्यायची म्हणून गेलो. शेजाऱ्याची म्हातारी आई ओट्यावर बसली होती.

"या जावयबापू. आज काय वाटायला आलात?"

टँकमध्ये पर्यटकांची पोरं धबाधब उड्या मारत होती. ते आमचं पाणी होतं. मी शिडी ठेवली आणि तिथे उभ्या उभ्या मला बायबलमधली ती विहिरीवरची गोष्ट आठवली. भर दुपारी ख्रिस्त दमून विहिरीपाशी बसतो आणि परक्या जमातीच्या एका बाईकडे प्यायला पाणी मागतो. शेकडो वेळा मी ती ऐकली, आणि दरवेळी माझ्या डोक्यात हेच की तो तिला काहीतरी द्यायला आलाय. देतो, ते नंतर. आधी तो मागतो. त्याच्याकडे पोहरासुद्धा नव्हता. आणि शेवटी क्रुसावरही तहान लागली म्हणाला, तेही लोकांपुढे. फादरांच्या बाणाचं खालचं टोक इथे येऊन टेकलं होतं, शेजाऱ्याच्या अंगणात, आणि खरं सांगतो, मला ते मुळीच नको होतं.

"पाणी पाहिजे," मी म्हटलं. "आमची विहीर मचूळ झाली. मी केली. रोपांना गोडं पाणी पाहिजे."

पोरांचा आरडाओरडा चालूच होता. शेजारी खोलीतून बाहेर आला. त्याचा चेहरा उतरला.

"मी म्हनलेलं वहिनींना विचारा."

"म्हटलं होतंत."

"दोन दिवस बास म्हनलेलं."

"तेही म्हटलं होतंत."

"मंग तेव्हाच का न्हाय सांगितलंत? मी पन त्यातलाच झालो ना." तो डोकं खाजवत विहिरीकडे बघत राहिला. "बरं. पन पाइप न्हाय टाकू देनार हां. माझी पन विहीर हाय. रोज सांजच्याला चार कळश्या, पोहऱ्यानं काढून न्या. जास्त न्हाय."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. चार कळश्या! मी याचा टँक भरला, याच्या खोल्या धुतल्या, आणि हा कळश्या मोजतो! तोंडापर्यंत आलेलं गिळलं, कारण तेवढ्यात कळलं की त्याचंच बरोबर होतं. विहिरीला झेपेल तेवढं तो देत होता आणि झेपणार नाही त्याला तोंडावर नाही म्हणत होता. मला हे कधी जमलं नव्हतं.

"आनि त्या दूधवाल्याचं काय?" म्हातारी ओट्यावरून म्हणाली. "त्या गरिबाला उगा शिव्या घातल्यात."

"त्याच्याकडेही जातो."

"जावा, जावा. आता निघालाच आहात तर."

दूधवाल्यानं मला फाटकाबाहेर उभं केलं, म्हैस धुऊन होईपर्यंत. मग म्हणाला, "उद्यापासून घालतो. पन चहा फाटला तर मला सांगू नका, विहिरीला सांगा."

पाऊस येईपर्यंत रोज जेट्टीवरून आलो की कळशी खांद्यावर. पर्यटक टँकच्या कडेला पाय सोडून बसलेले, आणि त्यांच्यामधून मी ओला होऊन ये-जा करणार. एका बाईनं मला तिथला गडी समजून टॉवेल मागितला. सांगणार होतो की मी शेजारचा, मी वाडीवाला. पण वाडीवाला तरी मी कुठे होतो? टॉवेल आणून दिला. चिडून दिला, पण दिला. घरी येऊन बायकोला सांगितलं तर ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. ती परत आल्यापासून हसली ती तेव्हाच.

कोणत्या रोपाला पाणी घालायचं ते ती सांगायची. "या दोघांना. त्याला नको, ते गेलं." मी म्हणायचो, थोडं घालून बघू. "नको म्हटलं ना." मी घालायचो नाही. काही रोपं डोळ्यांदेखत वाळली. काही वाचली. ज्यांना त्या वर्षी सुपारी धरणार होती, त्यातलं एकही वाचलं नाही. त्यावर ती कधी काही बोलली नाही, आणि मीही समजूत घालायला गेलो नाही. समजूत घालणं म्हणजेही पुन्हा माझं देणं सुरू झालं असतं.

पाऊस झाला, गणपती झाले, दिवाळी झाली. ती अधूनमधून पोहरा सोडायची, चाखायची, थुंकायची. नाताळ जवळ आला तेव्हा एका सकाळी तिनं पोहरा अगदी वरवर बुडवला, थोडं पाणी प्यायली आणि थुंकली नाही. आत येऊन चहा टाकला. मी पातेल्याकडे बघत उभा राहिलो. चहा उकळला, दूध पडलं, पुन्हा उकळी आली. फाटला नाही. तिनं कप माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाली, "खाली अजून मचूळच आहे. ढवळलं तर पुन्हा तेच." एवढंच.

त्याच आठवड्यात गडग्यावरून शेजाऱ्यानं हाक मारली. नाताळच्या सुट्टीचे पाहुणे, सगळ्या खोल्या भरलेल्या, त्याची मोटर जळलेली, दुरुस्तीवाला उद्या येणार. "जावयबापू, आजच्या दिवस जरा पानी..."

माझं तोंड उघडलं होतं. घ्या की, त्यात काय, असं जिभेवर आलेलं होतं. ते परत गिळायला मला कष्ट पडले.

"थांबा," मी म्हटलं. "हिला विचारतो."

पलीकडून म्हातारीचा आवाज आला, "अगो बाय! काय म्हनाला?"

मी स्वयंपाकघराच्या दाराशी गेलो आणि विचारलं. बायको भाजी चिरत होती. तिनं मान वर केली नाही, विचार केला. मला वाटलं होतं, ती लगेच हो म्हणेल, किती झालं तरी त्यानं आपल्याला पाणी दिलंय. ती सावकाश विचार करत होती आणि तो पलीकडे ताटकळत उभा होता, आणि मी मधे. या उभं राहण्याचा मला इतका वैताग आला की काय सांगू.

"चार कळश्या," ती शेवटी म्हणाली. "पंप नाही. तुम्ही काढून द्या."

मी गडग्यापाशी गेलो आणि तेच शब्द सांगितले. तो बरं म्हणाला आणि कळश्या आणायला गेला. चार कळश्या द्यायला मला आयुष्यात कधी एवढा त्रास झाला नव्हता.

मी विहिरीवर गेलो आणि पोहरा सोडला.

"हळू," ती आतून म्हणाली. "वरचं वरचं."

मी दोर आवरून धरला आणि हळू सोडला.